काकांच्या फायबर होडीचा फ्लोअर : कामाच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४

काल त्रिपुरारी पौर्णिमा होती, त्यामुळे आज उधाणाची भरती. दुपारी पाणी पुरते चढल्यावर होडी ओढून घरामागच्या मांगरापाशी (शेडपाशी) माडाच्या ओंडक्यांवर घेतली. एरवी पाणी एवढे वर येत नाही आणि चिखलातून सोळा फुटी होडी ओढायला गोव्यातल्या आमच्या नार्वेत आता माणसेही मिळत नाहीत. काल रात्री साखळीला विठ्ठलापुरात वाळवंटी नदीतल्या सजवलेल्या नौका बघायला गेलेली पोरे आज दोर धरून उभ्याउभ्या पेंगत होती, पण आली.

होडी पंचवीसेक वर्षांची. मांडवी नदीत कुर्ल्यांचे (खेकड्यांचे) पिंजरे टाकायला काका तीच वापरतात. बाहेरून ठणठणीत आहे. फ्लोअर मात्र भेगांनी भरलाय. काकांचे म्हणणे : "पट्टी भर, वरून पांढरा हात मार, झाले." पूर्वी एका कारागिराने तेच केले होते. गाडीच्या डेंटिंगला वापरतात ती पट्टी (पुट्टी) भरली होती. ती पाणी पिऊन फुगली आणि भेगांच्या कडा आणखी उचलून गेली. या वेळी भेग का पडली ते आधी बघायचे, भरायचे नंतर, एवढे काकांकडून कबूल करून घेतले.

साबणाच्या पाण्याने धुतली. शेवाळ, माशांची खवले, इंजिन ऑइल, सगळे निघाले. सुकल्यावर अॅसिटोनने पुसून घेतली. हे पुसणे पॉलिश पेपर लावायच्या आधी करावे लागते, नाहीतर तेल आणि मेण घासण्याबरोबर आत मुरते आणि नवा थर तिथे धरत नाही.

१७ नोव्हेंबर

कपड्यांची नीळ पाण्यात घट्ट कालवून फ्लोअरवर फासली आणि लगेच फडक्याने पुसली. भेगांत नीळ राहिली, बाकी स्वच्छ. नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या त्याच्या तिप्पट भेगा निघाल्या. पुढे खरवडताना निळी रेघ दिसायची थांबली की भेगेचा तळ आला, हाही उपयोग होणार.

चार जागी चार तऱ्हा आहेत.

नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, चांदणीसारखी भेग. मध्ये टिचका, तिथून चहूबाजूंनी रेघा. नांगर टाकायची जागा तीच. वरून घाव बसला, विषय संपला.

मधल्या भागात दोन लांब समांतर भेगा, हातभर लांबीच्या. खाली लाकडी स्ट्रिंगर, म्हणजे फ्लोअरला आधार देणारी लांब तुळई, जातो, त्याच्या दोन्ही कडांना बरोबर लागून. हा घाव नाही. फ्लोअर दोन्ही बाजूंना लवतो, स्ट्रिंगरवर लवत नाही, आणि जिथे लवणे अचानक थांबते तिथे जेलकोट तुटतो. जेलकोट म्हणजे रंग घातलेला पॉलिएस्टर रेझिन, साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात काचेचा धागा नसतो. खालचा फायबर वाकून परत सरळ होईल, जेलकोटला ते जमत नाही.

पेट्रोलच्या टाकीचा पट्टा आवळणाऱ्या स्क्रूंभोवती कमानदार भेगा, एकात एक. ही जागा मला सगळ्यात वाईट वाटते.

मागे इंजिनापाशी बारीक जाळी, दिशा नसलेली. तिथे जेलकोटचा एक टवका काढून व्हर्नियरने मोजला : एक मिलिमीटरहून जाड. साच्यात जेलकोट जाड बसला की तो ठिसूळ होतो आणि उन्हात वर्षे काढली की जाळी धरतो. खालचा फायबर तिथे शाबूत आहे.

नंतर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळा फ्लोअर वीतवीतभर अंतरावर ठोकत गेलो. चांगल्या जागी टणटण वाजते. टाकीच्या स्क्रूंपासून मधल्या स्ट्रिंगरपर्यंत आवाज भद्द. पेन्सिलीने हद्द आखली, साधारण दोन फूट बाय दीड फूट. त्यावर अॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवून चुलतभावाला शेजारी उभे केले. पट्टीखाली सहा मिलिमीटरची फट पडली. दुसऱ्या टोकाला, शाबूत जागी, जेमतेम एक.

२३ नोव्हेंबर

आज सामान. परवापासून जुने गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे शवप्रदर्शन सुरू झालेय, ते ५ जानेवारीपर्यंत चालणार. त्या गर्दीत दिवाडी बेटावरून फेरीने पणजीला जायचा विचारच सोडला आणि डिचोलीवरून म्हापसा गाठले.

रेझिन दोन तऱ्हांचा मिळतो. साधा ऑर्थो स्वस्त, आयसोफ्थॅलिक महाग. पाण्याला आयसो जास्त टिकतो. सतत ओल राहणाऱ्या फ्लोअरला आयसोच घेतला आणि जेलकोटही आयसोचा. मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, ४५० ग्रॅमची आणि थोडी ३०० ग्रॅमची, म्हणजे चौरस मीटरला तेवढे वजन. ४५० ची एक घडी रेझिनसकट बसली की साधारण एक मिलिमीटर जाडी देते, त्यावरून थर मोजता येतात.

दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो हा की रेझिनमध्ये कोबाल्ट (हार्डनरचे काम वेगाने सुरू करणारे रसायन) घातलेले आहे की वेगळे देणार. इकडे बरेचदा तीन बाटल्या हातात देतात : रेझिन, कोबाल्ट, हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचे, त्यानंतरच हार्डनर. मी कोबाल्ट घातलेलाच रेझिन मागितला, म्हणजे ती बाटली घरात आलीच नाही. हार्डनर म्हणजे एमईकेपी, त्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गॉगल त्याच पिशवीत घेतला.

चुलतभावाचा आग्रह इपॉक्सीचा होता. त्याचे खरे आहे, जुन्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी जास्त घट्ट धरते. पण इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट भरवशाने चिकटत नाही. मग वरचा शेवट दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगाने करावा लागतो आणि फ्लोअरवर रंगाचे ठिगळ दिसते. मला जेलकोटच हवाय, म्हणून खालपासून वरपर्यंत पॉलिएस्टर.

२४ नोव्हेंबर

ग्राइंडर लावायचा होता, पण शेजारच्या अंगणात भात वाळत पडलेय. फायबरची धूळ कोणाच्या भातात गेलेली चालणार नाही. दुपारी त्यांनी भात गोळा करून पोत्यांत भरल्यावर सुरुवात केली. होडीभोवती ताडपत्री, खाली प्लास्टिक. ही धूळ नदीत किंवा खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतात) झटकायची नाही, पोत्यात भरायची.

पेन्सिलीच्या हद्दीबाहेर चार बोटे सोडून चौकोन कापला, कोपरे गोल ठेवून. चौकोनी कोपऱ्यातून पुढे परत भेग निघते. वरचा फायबर चार मिलिमीटर, तेवढ्याच खोलीवर ब्लेड बांधले. झाकण उचलले तसा वास आला. खालचा बारा मिलिमीटरचा प्लाय काळा, बोटाने ओरबाडला तर पापुद्रे हातात. स्क्रूंच्या भोकांतून पाणी आत जात होते. कोणत्याच भोकात सीलंट नव्हते, लाकडात नुसते स्क्रू पिळलेले.

वाड्यावरचा मेस्त (सुतार) सहज डोकावला. "हें भितरल्यान कुसलां रे," (हे आतून कुजलंय रे) म्हणाला आणि खाली बसून पटाशी मागून घेतली. स्ट्रिंगरच्या माथ्याचा वीतभर तुकडाही मऊ झालाय. बाकी स्ट्रिंगर कठीण आहे, पटाशी आत शिरत नाही. कुजलेले सगळे काढले, चांगले लाकूड लागेपर्यंत.

काका बघून गेले, काही बोलले नाहीत. संध्याकाळी भावाला विचारत होते की खर्च किती येईल.

धुळीच्या कामाला मास्क, लांब बाह्या, मनगटाला टेप. नंतर आंघोळ थंड पाण्याने. गरम पाण्याने घेतली की काचेचे कण कातडीत जास्त टोचत राहतात.

३० नोव्हेंबर

आठवडाभर भोक उघडे, वर पत्र्याची सावली, बाजूला पंखा. फेंगल वादळ आज पुदुच्चेरीकडे किनाऱ्याला लागतेय, त्याचे ढग इथवर आलेत, हवा दमट. घाई नको.

ओलावा मोजायचे यंत्र नाही, त्याला जुनी युक्ती आहे. काल रात्री उघड्या लाकडावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवला. आज सकाळी त्याच्या आतल्या बाजूने बारीक थेंब. म्हणजे लाकूड अजून पाणी सोडतेय. पंखा चालूच.

७ डिसेंबर

प्लास्टिक कोरडे निघाले. कामाला लागलो.

नवा प्लाय मरीनच, म्हणजे शिक्क्यावर आयएस ७१० लिहिलेला. फर्निचरच्या दुकानात "वॉटरप्रूफ" म्हणून दाखवतात तो बहुतेकदा आयएस ३०३ असतो. घरातल्या ओट्याखाली तो चालेल, होडीत नको. मेस्ताने स्ट्रिंगरच्या गेलेल्या माथ्याला सागाचा जोड बसवून दिला आणि दोन्ही बाजूंनी पट्ट्या दिल्या. पैसे घेतले नाहीत, कुर्ल्या सांगून गेला.

प्लायच्या सहाही बाजूंना रेझिन. पहिला हात थोडा स्टायरिन (रेझिन पातळ करायचा द्रव) घालून पातळ, तो लाकडाने पिऊन घेतला, त्यावर दुसरा. कापलेल्या कडा सगळ्यात जास्त पितात, तिथे तिसरा हात. स्ट्रिंगरवर रेझिन, कापलेला धागा आणि सिलिका पावडर यांची घट्ट पट्टी पसरली आणि प्लाय त्यात दाबून बसवला. कडांनी पट्टी सगळीकडून बाहेर आली म्हणजे खाली पोकळी राहिली नाही. वर वाळूची पोती ठेवून सोडले.

८ डिसेंबर

आजचे काम या सगळ्यातले मुख्य.

जुन्या फायबरची कड उतरती घासली, बारास एक या मानाने. चार मिलिमीटर जाडी, म्हणजे उतार जवळजवळ पाच सेंटिमीटर रुंद. नव्या पॉलिएस्टरची जुन्याशी रासायनिक गाठ पडत नाही, तो फक्त ओरखड्यांना धरून राहतो. त्यामुळे जेवढी रुंद आणि खरखरीत जागा देऊ तेवढी पकड. चाळीस नंबरचा पेपर, नंतर अॅसिटोन.

मॅटचे चार तुकडे आधीच कापून क्रमाने मांडून ठेवले. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतो. माझी मॅट तोलून त्या मानाने रेझिन काढून ठेवला, पण एकदम कालवला नाही. अर्धा किलोच्या घाण्या केल्या.

हार्डनर सिरिंजने मोजून एक टक्का. सकाळी आठला सुरुवात, तेव्हा सावलीत पंचवीस अंश होते. दुपारी तेहेतीसच्या उन्हात तोच रेझिन निम्म्या वेळात दगड होतो. उष्णतेत हार्डनर कमी करावा हे बरोबर, पण एक टक्क्याच्या खाली जायचे नाही. गेलो तर रेझिन वरून कडक दिसतो आणि आत कच्चा राहतो. कालवलेला रेझिन खोल डब्यात ठेवायचा नाही. तो स्वतःच तापतो, डबा वितळून धूर निघतो. पसरट ट्रेमध्ये ओतला की वेळ मिळतो.

आधी जागेला रेझिन, त्यावर मॅट, वरून ब्रशने टोचत टोचत भिजवायची. ब्रश रंग मारल्यासारखा ओढला तर धागे उपसून येतात. मॅट पारदर्शक झाली की लोखंडी चकत्यांच्या रोलरने हवा काढायची. पांढरा डाग दिसला की तिथे हवा आहे. दोन थर लावून थांबलो, गरमी उतरू दिली, मग उरलेले दोन. चारही एका दमात घातले असते तर उष्णतेने आकसून कडा उचलल्या असत्या.

स्टायरिनच्या वासाला धुळीचा मास्क काही उपयोगाचा नाही. कार्बनचे डबे लावलेला मास्क लागतो. काकूने मांगराकडची खिडकी दिवसभर बंद ठेवली तरी वास जेवणाच्या ताटापर्यंत आला म्हणते.

१४ डिसेंबर

ठिगळ समपातळीत घासले. ठोकून पाहिले, सगळीकडे टणटण. अॅल्युमिनियमची पट्टी ठेवून भावाला परत त्याच जागी उभे केले : फट मिलिमीटरभरसुद्धा नाही. आता भेगा भरण्यात अर्थ आहे.

टाकीच्या पट्ट्याचे स्क्रू परत त्याच पद्धतीने बसवायचे नाहीत. भोके मोठी केली, सिलिका घातलेल्या रेझिनने गच्च भरली. घट्ट झाल्यावर त्या भरावाच्या मधोमध नवे बारीक भोक, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. तोंडाला पॉलियुरेथेन सीलंट. भोकाच्या कडेचा जेलकोट काउंटरसिंकने (शंकूच्या आकाराच्या ड्रिलने) थोडा उतरता केला. स्क्रू आवळताना पहिली भेग तिथूनच सुटते.

१५ डिसेंबर

भेगा खरवडायचा दिवस. भरायची पुट्टी भेगेवरून फिरवली तर ती वर पूल बांधते, आत पोहोचत नाही. भेग इंग्रजी व्ही आकारात तळापर्यंत उघडावी लागते. छोट्या रोटरी मशीनने करतात, पण ते हातातून निसटून शेजारची चांगली जागा खाते. मेस्ताची जुनी तिकोनी कानस टोकाला धार लावून घेतली आणि पट्टीच्या आधाराने ओढत गेलो. निळी रेघ नाहीशी होईपर्यंत. काम सावकाश होते आणि बोटे दुखतात, तरी हाताला तळ कळतो.

नाळेजवळच्या चांदणीत जेलकोटखालचा फायबर पांढुरका दिसला. काच आणि रेझिन सुटल्याची ती खूण. तिथे नुसता जेलकोट पुरणार नाही, तळहाताएवढी जागा घासून ३०० ची एक मॅट घातली.

मागची जाळी एकेक खरवडण्यासारखी नाही. तिथला सगळा जाड जेलकोट सँडरने उतरवला.

२१ डिसेंबर

रंग जुळवणे. हे मला वाटले होते त्याहून रंजक निघाले.

होडी मुळात पांढरी, उन्हाने सायीच्या रंगाची झाली आहे. शिवाय वरचा थर भुकटीसारखा पडलाय, त्याच्याशी जुळवून उपयोग नाही. बाजूची हातभर जागा हजार नंबरच्या पेपरने ओली घासून पॉलिश केली आणि तो रंग धरला. पांढऱ्या जेलकोटमध्ये पिवळ्या मातीचा रंग काडीच्या टोकाने, आणि काळा त्याहून कमी. काळा घातला नाही तर ठिगळ उजळ, नवे दिसते. ओला जेलकोट आणि वाळलेला जेलकोट यांच्या छटेत फरक पडतो. म्हणून प्रत्येक नमुन्याचा थेंब हार्डनर घालून त्या पॉलिश केलेल्या जागेवर ठेवला, वाळू दिला, सावलीत आणि उन्हात दोन्हीकडे पाहिला. काकांना बोलावून विचारले कोणता थेंब दिसत नाही. त्यांनी शोधायला चष्मा लावला, ते प्रमाण नक्की केले. सगळा जेलकोट एकदमच रंगवून डब्यात बंद केला. परत तीच छटा जुळणे कठीण.

२२ डिसेंबर

भरणे. जेलकोटमध्ये थोडी सिलिका, म्हणजे भेगेतून ओघळत नाही. हार्डनर इथे दोन टक्के, कारण एवढ्या बारीक थराला स्वतःची गरमी नसते. प्लास्टिकच्या पट्टीने दाबून भरला आणि कडांहून किंचित उंच ठेवला, वाळताना तो आकसतो.

जेलकोट हवेत उघडा राहिला की वरून चिकटच राहतो. हवेतला ऑक्सिजन त्याला पुरते वाळू देत नाही. त्याला दोन उपाय, मेणाचे द्रावण घालणे किंवा हवा तोडणे. बारीक भेगांवर प्लास्टिकची फिल्म ताणून टेप लावला. मागच्या मोठ्या जागेला दोन हात लागतात : पहिला मेणाशिवाय, म्हणजे दुसरा त्याला धरेल, आणि शेवटच्यात मेण. पहिल्यातच मेण घातले तर ते वर तरंगून येते आणि दुसरा हात सोलून निघतो.

२८ डिसेंबर

घासणे. लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून २२०, ४००, मग ओला ६०० आणि ८००. नुसत्या बोटांनी घासले की भरलेल्या जागी खळगा पडतो. टाचणीएवढी काही छिद्रे निघाली, हवेच्या बुडबुड्यांची. टोकाने उकरून परत भरली.

फ्लोअरला साच्यातून आलेली बारीक चौकड्यांची नक्षी होती, पाय घसरू नये म्हणून. नव्या ठिगळावर ती अर्थातच नाही. सिलिकॉनचा साचा काढून नक्षी उठवता येते, पण तेवढे करून जोड दिसायचा तो दिसतोच. चाळलेली वाळू भुरभुरवायचा सल्लाही मिळाला. पिंजरे ओढताना काका गुडघ्यांवर बसतात, वाळूने कातडी सोलून निघेल. मधला सगळा पट्टा, जुना नवा दोन्ही, एकसारखा खडबडीत करायचे ठरवले.

२९ डिसेंबर

मधल्या पट्ट्याची जुनी नक्षी ऐंशी नंबरने घासून काढली, दोन्ही कडांना टेप. सिलिकाने घट्ट केलेला, मेण घातलेला जेलकोट भोकदार स्पंजच्या रोलरने दिला. रोलर उचलताना जी टोके उठतात तीच पकड. चिकटू लागल्यावर परत एकदा हलका रोलर फिरवला, टोके बोथट झाली. टेप जेलकोट पुरता कडक व्हायच्या आधी काढला, नाहीतर कड फाटते. अनवाणी पायाला बरे वाटते आणि ओले केले तरी घसरत नाही.

१२ जानेवारी २०२५

दोन आठवडे सावलीत ठेवली, वास जवळपास गेला. उद्या पौर्णिमा, म्हणून आज पाणी वरपर्यंत होते. होडी उतरवली. टाकी भरून, चौघे बसून, दिवाडीच्या फेरीमार्गापर्यंत जाऊन आलो. फेरीच्या लाटांवर मुद्दाम आडवी घेतली, फ्लोअर दणकले. परतल्यावर पुसून, नीळ फासून पाहिली. ठिगळावर, स्ट्रिंगरच्या कडांना, स्क्रूंभोवती काही नाही. नाळेपाशी नव्या मॅटच्या कडेला नखाएवढी एक निळी रेघ आहे. ती जुन्या जेलकोटमधली, चांदणीचा एक पाय खरवडताना आखूड राहिला असावा. पेन्सिलीने दोन्ही टोकांना खूण करून तारीख घातली. मेमध्ये होडी वर घेऊ तेव्हा खुणेपुढे गेली का ते कळेल.

नांगराच्या जागी रबरी चटई टाकलीय. मेस्ताच्या कुर्ल्या द्यायच्या राहिल्यात. इंजिन बांधलेल्या मागच्या फळीचे बोल्ट आज ठोकून पाहिले, डावीकडच्या खालच्या बोल्टपाशी आवाज भद्द येतो.